आधी काढावे, मग पाहावे : कलोपचाराच्या पद्धती स्वतःपुरत्या कशा वापराव्यात

मनात साचलेले दुःख, राग किंवा नुसतीच नाव नसलेली अस्वस्थता शब्दांत मांडता येत नाही, तेव्हा रेषा, रंग किंवा माती यांच्या साहाय्याने तिला वाट करून देण्याची पद्धत ही आता मानसोपचाराची एक रीतसर शाखा आहे. तिला कलोपचार किंवा, सर्रास बोलताना, आर्ट थेरपी म्हणतात. हे उपचार प्रशिक्षित व्यक्तीच्या सोबतीने चालतात आणि गंभीर आजारात ते तसेच चालायला हवेत; परंतु त्यांतील काही साध्या पद्धती कोणालाही घरच्या घरी, स्वतःपुरत्या वापरता येतात. त्या कशा वापराव्यात, कोणते साहित्य कधी घ्यावे आणि कोठे थांबावे, हे या लेखात सांगितले आहे. चित्रकला येणे ही अट नाही. उलट, ज्यांचा हात बसलेला आहे त्यांनाच पुष्कळदा जास्त अडचण होते, कारण चित्र बिघडले की ते सुधारायचे अशी त्यांना सवय असते आणि इथे सुधारण्याजोगे काही नसते.

आर्ट थेरपी ही संज्ञा १९४२ मध्ये एड्रियन हिल या ब्रिटिश चित्रकाराने वापरात आणली. क्षयरोगावर उपचार घेत आरोग्यधामात पडून असताना तो चित्रे काढत असे. त्यातून मनाला उभारी येते हे लक्षात आल्यावर त्याने इतर रुग्णांच्याही हाती कागद-पेन्सिल दिली. अमेरिकेत या शाखेचा पाया घालणाऱ्यांपैकी दोघींची मते मात्र एकमेकींपासून बरीच वेगळी होती. मार्गारेट नॉमबर्ग यांचा भर अबोध मनावर होता : चित्र हे स्वप्नासारखे आपसूक वर येते आणि त्याविषयी बोलता बोलता, ज्याने ते काढले त्यालाच त्याचा उलगडा होत जातो, असे त्या मानत. व्हिएन्नात जन्मलेल्या एडिथ क्रेमर यांना घडवण्याची क्रियाच गुणकारी वाटे. रागाने माती आपटणाऱ्या मुलाच्या हातून त्याच मातीचे एखादे जनावर तयार झाले, तर त्याच्या रागाला एक आकार मिळालेला असतो, मग त्यावर पुढे कोणी बोलो वा न बोलो.

घरी स्वतःपुरता प्रयोग करणाऱ्याने दोघींचेही ऐकावे. काढताना क्रेमर यांचे ऐकावे, म्हणजे अर्थाच्या मागे न लागता हात चालू द्यावा. आणि काढून झाल्यावर नॉमबर्ग यांचे ऐकावे, म्हणजे कागदावर जे आले आहे त्याच्यासमोर स्वस्थ बसावे. अनेक जण पहिले करतात आणि दुसरे टाळतात. मन थोडे मोकळे झाल्यासारखे वाटते, कागद बाजूला पडतो आणि स्वतःविषयी जे कळण्यासारखे होते ते कागदावरच राहून जाते.

चित्राने असे काय साधते, जे बोलण्याने साधत नाही? एखादी घटना आपण चार जणांना सांगितली की तिच्या सांगण्याचा एक साचा ठरून जातो. तेच शब्द, तोच क्रम, आणि जे पहिल्यांदा वगळले ते पुढे प्रत्येक वेळी वगळले जाते. कागदावर हे इतके सहज जमत नाही. भांडणाविषयी बोलताना दोन माणसांमध्ये किती अंतर होते हे सांगितले नाही तरी चालते, चित्रात मात्र ती दोन माणसे कोठेतरी ठेवावीच लागतात, त्यांपैकी एक मोठे आणि एक लहान होतेच, आणि त्यांच्यामधल्या जागेचे काय करायचे हा प्रश्न हात आपोआप सोडवून टाकतो. शिवाय बोलणे एकामागून एक पुढे सरकते, तर चित्रात परस्परविरोधी गोष्टी एकाच वेळी शेजारी शेजारी बसू शकतात. एखाद्या माणसाचा राग आणि त्याच माणसाची आठवण या दोन्ही भावना एकाच चित्रात मावतात, आणि पुष्कळदा आपली खरी अवस्था तशीच असते.

तिसरी गोष्ट अंतराची. जे मनात होते ते समोर टेबलावर येते. ते उलटे करून ठेवता येते, लांबून पाहता येते, हवे तर झाकता येते. मनातल्या विचाराचे असे काही करता येत नाही.

परिणामांविषयीचे संशोधन आशादायक आहे, परंतु त्याचा गाजावाजा करण्याइतके ते पक्के नाही. अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ३९ प्रौढ व्यक्तींना ४५ मिनिटे कोलाज (कापलेले कागद आणि चित्रे चिकटवून केलेली रचना), माती आणि मार्कर यांपैकी हवे ते वापरून हवे ते करू दिले होते. त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण घटले, आणि चित्रकलेचा पूर्वानुभव असल्या-नसल्याने त्यात फरक पडला नाही. मात्र या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. दुसऱ्या बाजूला, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया या गंभीर मानसिक आजाराच्या ४१७ रुग्णांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या उपचारांना सामूहिक कलोपचाराची जोड देऊन विशेष फायदा आढळला नाही. यावरून घ्यायचे ते इतकेच : ताण हलका करण्यासाठी आणि स्वतःला समजून घेण्यासाठी ही पद्धत वापरावी, आजार बरा करण्याचे ओझे तिच्यावर टाकू नये, आणि चालू असलेली औषधे किंवा समुपदेशन तिच्या भरवशावर कधीही बंद करू नये.

साहित्य निवडताना

साहित्याची निवड ही केवळ आवडीची बाब नाही. सँड्रा केगिन आणि व्हिजा लुसेब्रिंक या कलोपचारतज्ज्ञांनी १९७८ मध्ये मांडलेल्या विचारानुसार प्रत्येक माध्यम आपल्यातला वेगळा भाग जागा करते. एका टोकाला पेन्सिल, स्केचपेन, कोलाज अशी ताब्यात राहणारी माध्यमे असतात. त्यांना दाब द्यावा लागतो, ती पसरत नाहीत, आणि ती वापरताना आपण मोजत, ठरवत, विचार करत असतो. दुसऱ्या टोकाला पातळ जलरंग आणि हाताच्या बोटांनी लावायचे रंग असतात. ते ओघळतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांच्याबरोबर भावनाही वाहू लागतात. मधल्या पट्ट्यात तेलखडू, रंगीत खडू आणि माती यांची जागा आहे.

व्यवहारात याचा अर्थ असा, की ज्याला काहीच वाटेनासे झाले आहे, सगळे बधिर झाले आहे, त्याने पेन्सिल बाजूला ठेवून ओल्या कागदावर जलरंग सोडून पाहावा. ज्याचे मन आधीच भरून वाहते आहे, ज्याला रडू आवरत नाही किंवा छातीत धडधड होते आहे, त्याने जलरंगाला हात न लावता पेन्सिल किंवा स्केचपेन घ्यावे, नाहीतर कात्री आणि डिंक घेऊन जुन्या मासिकांतील चित्रे कापावीत. अनेक जण नेमके याच्या उलट करतात, कारण मन भरून आले की रंग ओतावेसे वाटतात. काहींना त्याने बरे वाटते, पण पुष्कळांना नंतर अधिकच विस्कटल्यासारखे होते.

मातीविषयी थोडे वेगळे सांगावेसे वाटते. राग, चीड किंवा शरीरात अडकून राहिल्यासारखा ताण असेल तर मातीसारखे दुसरे माध्यम नाही. ती आपटता येते, पिळता येते, फाडता येते, आणि तरीही ती संपत नाही. मोडलेल्या आकाराचा पुन्हा गोळा होतो. परंतु तिचा ओला, थंड, चिकट स्पर्श काही माणसांना सहन होत नाही, आणि शरीराशी संबंधित आघात सोसलेल्या व्यक्तीला त्या स्पर्शाने अचानक जुन्या आठवणी येऊ शकतात. तसे वाटल्यास हात धुवावेत आणि कागद-पेन्सिलीकडे वळावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

सुरुवातीला महागडे साहित्य घेऊ नये. उंची कागद समोर आला की तो वाया जाऊ नये म्हणून माणूस जपून काढू लागतो, आणि जपून काढलेल्या चित्रात आपल्याला हवे ते सापडत नाही. पाठकोरे कागद, बारा तेलखडूंचा एक डबा आणि एक मऊ पेन्सिल एवढे पुरे. कागदाचा आकार मात्र लक्षात ठेवावा : मोठा कागद मोकळीक देतो आणि त्याच वेळी काहींना घाबरवतो, तर तळहाताएवढा कागद विषयाला आवरून धरतो. अवघड विषयाला पहिल्यांदा हात घालताना लहान कागद घेणे शहाणपणाचे ठरते.

बैठक

बैठकीला सुरुवात आणि शेवट असावा. पाऊण तास पुष्कळ झाला. त्यातली पहिली पाच मिनिटे हात मोकळा करण्यासाठी, साधारण वीस मिनिटे काढण्यासाठी, पंधरा मिनिटे पाहण्यासाठी आणि उरलेली आवराआवरीसाठी ठेवावीत. गजर लावावा, म्हणजे घड्याळाकडे पाहावे लागत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत असावा आणि त्या वेळात कोणी आत येणार नाही याची खात्री करून घ्यावी, कारण खांद्यावरून कोणीतरी डोकावत आहे ही नुसती शंकासुद्धा हात आखडता घेण्यास पुरेशी असते. रात्री झोपण्यापूर्वी अवघड विषय काढू नये. नंतर तासभर तरी जागे राहून चालणे-फिरणे, जेवण, कोणाशी चार शब्द बोलणे शक्य असेल अशी वेळ निवडावी.

हात मोकळा करण्यासाठी डाव्या आणि उजव्या अशा दोन्ही हातांत खडू धरून कागदावर एकाच वेळी मोठमोठी वर्तुळे फिरवावीत. हे पाहायला पोरकट दिसते. तरीही करावे.

रेघोट्यांपासून सुरुवात

कोऱ्या कागदासमोर काहीच सुचत नाही, ही पहिली आणि सर्वांना येणारी अडचण आहे. तिच्यावर नॉमबर्ग यांच्या भगिनी फ्लॉरेन्स केन यांनी वापरलेली रेघोट्यांची पद्धत आजही सर्वांत सोपा उपाय आहे. उभे राहून खांद्यापासून हात हवेत फिरवावा, त्याची एक लय लागली की डोळे मिटून त्याच लयीत खडू कागदावर टेकवावा आणि अर्धा मिनिट हात न उचलता रेघोट्या मारत राहावे. मग डोळे उघडून तो गुंता पाहावा. कागद फिरवावा, चारही बाजूंनी पाहावा. कोठेतरी एखादा आकार दिसू लागतो, एखादा चेहरा, भांडे, पक्ष्याची मान. जो आकार सारखा सारखा नजरेत भरतो तो निवडून त्याच्या रेषा गडद कराव्यात, नको त्या रेषांवर रंग भरून त्या झाकाव्यात आणि जे लागेल ते घालून चित्र पूर्ण करावे.

समजा, जवळचे माणूस गेल्यानंतर काही महिन्यांनी एका स्त्रीने अशा रेघोट्या मारल्या आणि तिला त्यांत एक पिशवी दिसली. तिने पिशवीची कडा तपकिरी खडूने दोनदा गिरवली, पोटाचा फुगीर भाग इतका दाबून रंगवला की कागदाच्या मागच्या बाजूला उठाव आला, आणि वरचे तोंड एका आडव्या रेषेने बंद केले. आजूबाजूच्या रेघोट्या फिक्या निळ्या रंगाने झाकल्या. एवढ्यात गजर वाजला. हे चित्र देखणे नाही आणि त्यात गूढ म्हणावे असेही काही नाही. त्याचे पुढे काय करायचे ते पाहण्याच्या भागात येईल.

पूल आणि वर्तुळ

आयुष्यात एखादे वळण आले असेल, म्हणजे नोकरी सोडायची आहे, नाते संपले आहे, आजारातून उठून पुन्हा कामाला लागायचे आहे, तर पुलाचे चित्र काढून पाहावे. हेज आणि लायन्स या दोन कलोपचारतज्ज्ञांनी १९८१ मध्ये किशोरवयीन मुलांबरोबर वापरलेली ही पद्धत प्रौढांनाही तितकीच लागू पडते. सूचना अगदी साधी आहे : एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेणारा पूल काढावा, प्रवास कोणत्या दिशेने आहे हे बाणाने दाखवावे आणि आपण स्वतः कोठे आहोत तिथे एक ठिपका द्यावा. ठिपका शेवटी द्यावा, आधी नव्हे. पूल काढताना तो कोणासाठी आहे याचा विसर पडलेला बरा.

काढून झाल्यावर पुलाला खांब आहेत का, तो दोन्ही काठांना खरोखर टेकला आहे का, खाली पाणी आहे की दरी की रस्ता, कठडे आहेत का, दोन काठांपैकी कोणता काठ अधिक तपशिलाने रंगवला गेला आहे, हे पाहत जावे. ज्या काठावर जायचे आहे तो पूर्ण कोरा आणि ज्या काठावरून निघायचे आहे तिथे घर, झाड, कुत्रे असे सारे काही असेल, तर निर्णय लांबणीवर का पडत आहे याचा एक धागा हाती लागतो. तो धागाच असतो, निकाल नव्हे.

वर्तुळाची पद्धत रोजच्या वापरासाठी आहे. स्विस मनोचिकित्सक कार्ल युंग हे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील एका लष्करी छावणीचे प्रमुख असताना रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळाकार चित्र काढत, आणि त्या चित्रांवरून आपल्या मनःस्थितीत दिवसागणिक होणारा बदल त्यांना टिपता येत असे. आपणही ताटली ठेवून वर्तुळ आखावे आणि त्या दिवशी जसे वाटत असेल तसे रंग आणि आकार त्याच्या आत भरावेत. छापील मंडलांत, म्हणजे तयार वर्तुळाकार नक्षीत, नुसते रंग भरण्यानेही मन शांत होते. परंतु त्यातून स्वतःविषयी फारसे कळत नाही, कारण रेषा दुसऱ्याच्या असतात.

पाहणे

आता या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. चित्र भिंतीला टेकवून ठेवावे आणि चार-पाच पावले मागे जाऊन खाली बसावे. पहिली दोन मिनिटे काहीही लिहू नये. त्यानंतर फक्त जे दिसते ते लिहावे, जे वाटते किंवा जे सुचते ते नव्हे. “उदास चित्र आहे” हे दिसणे नव्हे. “खालचा अर्धा कागद काळा आहे, वरचा कोरा आहे, उजव्या कोपऱ्यात एक पिवळी रेघ कागदाच्या बाहेर गेली आहे” हे दिसणे. हा फरक सुरुवातीला जाचक वाटतो, पण त्यातच पद्धतीचे मर्म आहे. “उदास” हा शब्द आपण चित्र पाहण्यापूर्वीच घेऊन आलेलो असतो. बाहेर गेलेली पिवळी रेघ मात्र पाहिल्याशिवाय सापडत नाही.

वर्णन लिहून झाल्यावर चित्राला काही प्रश्न विचारावेत. सर्वांत आधी नजर कोठे जाते आणि कोठे जायला नको म्हणते? दाब कोठे जास्त आहे आणि रेष कोठे थरथरली आहे? काय अपुरे राहिले? कोणता रंग डब्यात होता आणि तरीही घेतला नाही? मग चित्रातल्या एखाद्या वस्तूच्या तोंडी शब्द घालावेत, “मी पिशवी आहे आणि मी…” अशी सुरुवात करून चार वाक्ये न थांबता लिहावीत. हे थोडे नाटकी वाटले तरी, ज्या गोष्टी आपण “मी” म्हणून लिहायला कचरतो त्या पिशवीच्या तोंडून सहज उतरतात.

वरच्या उदाहरणातील स्त्रीने वर्णन लिहिताना नोंदवले, की पिशवी भरलेली आहे, तोंड बंद आहे, आणि तिला धरायचे पट्टे नाहीत. तिसरी गोष्ट काढताना तिच्या ध्यानात आली नव्हती. पिशवीच्या तोंडी तिने लिहिले : “मी जड आहे. मला जपून बंद केले आहे. मला उचलायचे कोठून ते कोणी ठरवलेले नाही.” यावरून लगेच मोठा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, वेळ संपला म्हणून पट्टे राहून गेले असतील, एवढेही कारण असू शकते. परंतु हे वाक्य वाचून तिला जर आठवले की, घरातल्या सगळ्यांना तिने गेले कित्येक महिने “मी ठीक आहे” एवढेच सांगितले आहे आणि मदत करू पाहणाऱ्यांना धरायला तिने काहीच दिलेले नाही, तर त्या आठवणीला किंमत आहे. अर्थ खरा की खोटा हे तपासण्याची कसोटी हीच : तो ऐकून काढणाऱ्याच्या मनात काहीतरी हलले पाहिजे. ज्याने नुसती हुशारी दिसते आणि आत काहीच होत नाही, तो अर्थ सोडून द्यावा.

म्हणूनच रंगांच्या अर्थांचे जे तक्ते सर्वत्र फिरतात, लाल म्हणजे राग, काळा म्हणजे नैराश्य, त्यांचा इथे काहीही उपयोग नाही. एखाद्याला काळा रंग आजीच्या मायेच्या पदराची आठवण देतो, तर एखाद्याने तो केवळ डब्यातला सर्वांत लांब खडू म्हणून उचललेला असतो. लहान मुलांच्या चित्रांबाबत तर ही सावधगिरी दुप्पट बाळगावी. मुलाने घराला खिडक्या काढल्या नाहीत म्हणून त्याच्या मनात काय चालले आहे याचे तर्क लढवण्यापेक्षा “या घराबद्दल मला सांग बरं” एवढेच म्हणावे आणि ऐकावे.

शेवटी चित्राला एक नाव द्यावे. नाव चटकन सुचेल तेच द्यावे, पुन्हा पुन्हा बदलू नये.

भावना अनावर झाल्यास

कधी कधी कागदावर अपेक्षेपेक्षा जास्त काही येते आणि श्वास जड होतो, हात कापतो किंवा आपण इथे नाहीच असे वाटू लागते. अशा वेळी काढणे थांबवावे. दोन्ही पाय जमिनीवर टेकवावेत, खोलीतल्या पाच वस्तूंची नावे मोठ्याने घ्यावीत, गार पाणी प्यावे. त्यानंतर झेपत असेल तर त्याच चित्राभोवती स्केचपेनने जाड चौकट काढावी, किंवा दुसऱ्या कागदावर झाकण असलेली एक पेटी काढून पहिले चित्र घडी करून तिच्यामागे चिकटवावे. चौकट आणि पेटी ही लहान मुलांची समजूत घालण्यासारखी युक्ती वाटेल. परंतु आवरून धरणारी रेषा हाताने काढताना मनालाही आवरण्याचा काहीसा अनुभव येतो, आणि कलोपचारतज्ज्ञ ती नेमकी याच कारणासाठी वापरतात.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जेनिफर ड्रेक आणि एलन विनर या मानसशास्त्रज्ञांच्या प्रयोगांत दुःखद भावना जाग्या केल्यानंतर काही लोकांना त्या दुःखाविषयीच चित्र काढायला सांगितले आणि काहींना भलत्याच, तटस्थ विषयावर. तेव्हा तटस्थ विषयावर चित्र काढणाऱ्यांची मनःस्थिती अधिक सुधारली. म्हणजे प्रत्येक वेळी जखमेवरची खपली काढायला हवी असे नाही. आज फक्त बरे वाटायला हवे असेल तर खिडकीतले झाड, चहाचा कप, स्वतःचा डावा हात असे काहीतरी समोर ठेवून निरखून काढावे. समजून घेण्याची बैठक आणि विसाव्याची बैठक या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि कोणत्या दिवशी कोणती हवी आहे हे बसण्यापूर्वी ठरवावे.

चित्रे जपणे

प्रत्येक चित्राच्या मागे तारीख, नाव आणि पाहताना लिहिलेले वर्णन असावे. क्रेमर ज्यांच्याकडे शिकल्या त्या फ्रीडल डिकर-ब्रँडाइस यांनी दुसऱ्या महायुद्धात नाझींच्या टेरेझिन येथील बंदिवासात मुलांना चित्रकला शिकवली आणि प्रत्येकाने आपल्या चित्रावर आपले नाव घालावे असा आग्रह धरला. १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेऊन ठार मारण्यात आले. त्यांनी मागे ठेवलेल्या दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे साडेचार हजार चित्रे सापडली. नाव घातलेले चित्र कोणाचे तरी असते, ही त्यांची भूमिका आपल्या साध्या वहीलाही लागू करता येते. चित्रे आवडत नाहीत म्हणून लगेच फाडू नयेत. फाडायचेच असेल तर आठवडाभर थांबावे आणि मग विचारपूर्वक फाडावे, म्हणजे तीही एक कृती होते. हवे तर त्याच तुकड्यांचे पुढे कोलाज करता येते.

दोन-तीन महिन्यांनी सर्व चित्रे जमिनीवर ओळीने मांडावीत. एकट्या चित्रात न दिसणारी गोष्ट तेव्हा दिसते : एखादा आकार वारंवार येतो, माणसे हळूहळू मोठी होत गेलेली असतात, एखादा रंग कधीतरी अचानक नाहीसा झालेला असतो. त्या तारखांच्या आसपास काय घडले होते ते आठवून पाहावे. समाजमाध्यमांवर मात्र ही चित्रे टाकू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पसंतीचे आकडे दिसू लागले की पुढच्या चित्रात पाहणारा येऊन बसतो, आणि मग आपण त्याच्यासाठी काढू लागतो.

तज्ज्ञाकडे केव्हा आणि कसे जावे

स्वतःला इजा करण्याचे किंवा जीवन संपवण्याचे विचार येत असतील, अलीकडेच मोठा आघात झाला असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप, जेवण आणि काम यांची घडी विस्कटली असेल, किंवा प्रत्येक बैठकीनंतर आधीपेक्षा जास्त वाईट वाटत असेल, तर हा प्रयोग एकट्याने करू नये. यांपैकी पहिल्या लक्षणात क्षणाचाही विलंब न लावता डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ किंवा तातडीची मदत देणारी सेवा यांच्याशी संपर्क साधावा.

कलोपचारतज्ज्ञ निवडताना त्याच्या शिक्षणाची चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. ब्रिटनमध्ये आर्ट थेरपिस्ट हे बिरुद कायद्याने संरक्षित आहे आणि नोंदणीशिवाय ते लावता येत नाही. परंतु सगळीकडे असे नाही, आणि चित्रकलेचे छंदवर्ग घेणारेही आपल्या वर्गाला हेच नाव देतात. म्हणून मानसशास्त्र आणि कलोपचार या दोन्हींचे प्रशिक्षण झाले आहे का, ज्येष्ठ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम केले आहे का, चित्रे कोणाच्या ताब्यात राहतील आणि परवानगीशिवाय ती कोणाला दाखवली जातील का, हे पहिल्याच भेटीत विचारावे. जो पहिल्या चित्रावरून आपल्या स्वभावाचे निदान सांगू लागतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची गरज नाही.

घरी काढलेली चित्रे सोबत न्यावीत आणि त्यांतली बरी तेवढीच निवडू नयेत. जे दाखवायला नको वाटते तेही पाकिटात असू द्यावे. ते उघडलेच पाहिजे असे नाही. पाकीट बंद ठेवून, आत एक चित्र आहे आणि ते आज दाखवायचे नाही, एवढे सांगितले तरी बोलणे तिथून सुरू करता येते.